सात पायऱ्यांचं घर

नंदाबाई जालन्याला घर बघायला तीनदा गेली, आणि तिन्ही वेळा घरी खोटं सांगून गेली.

पहिल्यांदा म्हणाली, दोरा आणायचाय. दुसऱ्यांदा म्हणाली, मशीनची सुई तुटली. तिसऱ्यांदा काही सुचलं नाही, तेव्हा पुन्हा दोराच संपला. बदनापूरहून सकाळच्या गाडीनं गेलं की दुपारच्या गाडीनं परतता येई. दीर रखमाजी घरी नसायचाच. कोणत्या गावचा बाजार कोणत्या वारी, ते बघून तो घोड्यावर कपड्यांचं गाठोडं टाकून पहाटेच निघायचा. त्या गाठोड्यातली अंगडी, टोपडी, कुंच्या, चोळ्या, सगळं नंदाबाईच्या हातचं असे.

साल एकोणीसशे सदतीस होतं. नंदाबाई अडतिशीची. नवरा कडूबा शिंपी जाऊन सहा वर्षं झाली होती. मागं राहिली ती हातानं फिरवायची मशीन आणि गोठ्याच्या भिंतीला लागून असलेली एक खोली. खोलीला एकच झरोका. ऊन सरकलं की टाका दिसेनासा व्हायचा, मग ती मशीन उचलून अंगणात यायची, आणि अंगणात आली की जाऊबाई म्हणायची, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर असं बसू नका.

रखमाजी वाईट माणूस नव्हता. त्यानं वहिनीला कधी उपाशी ठेवलं नाही, आवाज चढवला नाही. पण ती शिवायची, तो विकायचा, आणि सहा वर्षांत तिला एखादी गोष्ट विचारून करावी असं त्याच्या मनात आलं नाही. विचारायचं असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं.

घराचा विचार तिच्या डोक्यात घातला एका अनोळखी बाईनं. जालना स्टेशनात गाडीची वाट बघताना त्या बाईनं नंदाबाईच्या अंगातली चोळी न्याहाळली, बाहीची शिवण उलटून बघितली आणि विचारलं, "कुठं शिवली?"

"मीच शिवली."

"बसता कुठं तुम्ही?"

"बदनापूरला."

"तिथं कोण येणार," बाई म्हणाली. "इथं जालन्यात मस्तगडाखाली बसला असता तर आम्ही बाजाराला आल्यावर माप देऊन जाता जाता चोळी नेली असती. पुरुष शिंप्याला माप द्यायची लाज वाटते आमच्या पोरींना."

एवढंच बोलणं. गाडी आली, बाई गेली. नंदाबाईला मात्र ते वाक्य गावी पोचेपर्यंत सोडेना, आणि नंतरही सोडेना.

पहिल्या खेपेला ती बाजाराच्या दिवशी गेली. मस्तगडाच्या खालच्या अंगाला एक अरुंद गल्ली होती. तांबट, पानवाले, कापडाची दुकानं, गाड्या, बैल, धूळ. त्या गल्लीत एका घराची पुढची ओसरी आणि एक खोली रिकामी होती. घराचं जोतं उंच, गल्लीतून सात दगडी पायऱ्या चढून जायचं. शेजारी अंगणाचं फाटक, आणि अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत घराची मालकीण जन्नतबी राहायची. साठीची बाई. नवरा बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचा, तो गेला. मूलबाळ नव्हतं.

जन्नतबीनं तिला पाणी विचारलं नाही, पान पुढं केलं. मग म्हणाली, "देख बाई, खराब बाता मैं पैले बोलती. अच्छ्या तू खुद देख लेगी. बाजाराच्या दिवशी घरात धूळ येती. मोहरमला ढोल, शिमग्याला बी ढोल. पावसात समोरची मोरी भरती आणि वास मारती. आणि वो सामनेवाला श्रीपतशेट, उसकू ये घर होना. त्याच्या दुकानाला गोदाम पायजे. दोन भाडेकरी त्यानं पळवले. तुला बी पळवायला बघेल."

"कसं पळवतो?"

"हर एक को अलग तऱ्हा से," जन्नतबी म्हणाली. "तुझी तऱ्हा काय, ते मला न्हाई मालूम."

इतकं खरं बोलणारं माणूस नंदाबाईला बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला ती मुद्दाम बाजार नसलेल्या दिवशी, भर दुपारी गेली. ओसरीत बसली, सोबत नेलेली सुई काढली आणि उन्हाकडं न वळता दोरा ओवून बघितला. पहिल्याच फटक्यात गेला. ओसरी उत्तरेला तोंड करून होती. ऊन आत येत नव्हतं, उजेड मात्र सगळा येत होता. ती तिथं दिवस कलेपर्यंत बसली असती, पण गाडी चुकली असती.

तिसऱ्या खेपेला स्टेशनातून ती जवळजवळ पळतच गल्लीत आली, तेव्हा तिथल्या आडावर अजून घागरींची रांग होती. ती कोपऱ्यावर उभी राहिली. कोण कुणाला पुढं जाऊ देतं, कोण कुणाची घागर सरकवतं, सांडपाणी कुठं जातं, कोणत्या घरचा धूर ओसरीकडं वळतो, सगळं बघत राहिली. मग जन्नतबीला जाऊन म्हणाली, चैत्रात येते.

घरी आल्यावर सासू द्वारकाबाई दारात डाळ निवडत बसली होती. साठ कधीच ओलांडलेली, गुडघे धरलेले. तिनं मान वर न करता विचारलं, "दोरा लई लागून राह्यला गं तुला?"

नंदाबाईनं पिशवी खाली ठेवली. खोटं बोलायचा तिला कंटाळा आला होता. "आत्याबाई, मी जालन्यात घर बघितलंय. मस्तगडाखाली. चैत्रात जाणार."

द्वारकाबाईनं डाळीतला खडा काढून बाजूला टाकला. ती रागावली नाही, रडली नाही. मग म्हणाली, "पाणी कुठनं?"

"गल्लीत आड हाय. वीस पावलांवर. सकाळी गर्दी असती, दहा वाजल्यावर न्हाई."

"गोडं का खारं?"

"पिऊन बघितलं. गोडं हाय."

"हं," म्हणून ती पुन्हा डाळीकडं वळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तसंच. "पायखाना कुठं हाय?"

"अंगण ओलांडून. मागल्या बोळाला लागून."

"अंगणात फरशी हाय का? का पावसात चिखल होतो?"

नंदाबाईला आठवेना. "ते न्हाई बघितलं."

"मंग तीनदा जाऊन काय बघितलंस?" सासू म्हणाली.

नंदाबाई समजली. म्हातारी घराची एकेक खोट गोळा करते आहे. रखमाजी परत आला की सगळं गाठोडं त्याच्यासमोर सोडेल. तिनं ठरवलं, लपवायचं काही नाही. विचारेल ते सांगायचं.

तिसऱ्या दिवशी सासूनं शेजार विचारला. नंदाबाईनं तांबट सांगितला, पानवाला सांगितला, श्रीपतशेट सांगितला.

"आन् घरवाली?"

"जन्नतबी. लोहाराची बायको होती."

द्वारकाबाईचा हात थांबला. ती सोवळंओवळं पाळणारी. सकाळी आंघोळ करून देवाची पूजा झाल्याशिवाय चूल पेटवायची नाही, दुसऱ्याच्या घागरीतलं पाणी घ्यायची नाही. नंदाबाईला वाटलं, संपलं. त्या दिवशी सासू तिच्याशी एक शब्द बोलली नाही. दिवेलागणीला मात्र एकदम म्हणाली, "कोंबड्या पाळती का ती?"

"चार हायेत."

"घाण करतील," द्वारकाबाई म्हणाली, आणि उठून आत गेली.

चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "पायऱ्या किती?"

"सात."

"उंच हायेत का?"

"दगडी हायेत. थोड्या उंच." नंदाबाईनं कात्री खाली ठेवली. "आत्याबाई, मला पायऱ्यांचं काय? मी चढंन की."

"तू चढशील गं," सासू म्हणाली. "सात जरा जास्तच हायेत. चार असत्या तर माझं एका दमात झालं असतं."

नंदाबाई तिच्याकडं बघत राहिली. तिला आधी वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली.

द्वारकाबाई गुडघ्यावर हात ठेवून सावकाश बोलली. "नऊ वर्षांची होते, तवा मला या घरात आणून बसवली. बापानं इचारलं न्हाई, सासऱ्यानं इचारलं न्हाई. आता माझ्याहून मोठं कुणी राह्यलं न्हाई इचारायला. म्हणून मीच ठरवते. मी येणार हाय."

"तिथं आपला देव्हारा, तुमचं सोवळं, सगळं कसं जमंल?"

"ते मी बघंन. तू फरशीचं बघून ये."

रखमाजी शनिवारी परत आला. नंदाबाईनं त्याचं जेवण होऊ दिलं आणि मग सांगितलं. तो आधी हसला. मग ती गंमत करत नाही हे कळलं, तसा तांब्या खाली ठेवून बसला.

"वैनी, तुम्ही हे काय करून राह्यलात? एकटी बाई भर पेठेत राहणार?"

"पेठेत एकटं कुणी नसतं, भाऊजी."

"तेच म्हणतो मी. कोण येतो, कोण जातो, कुणाचा कुणाला पत्ता नसतो. इथं तुमच्यावर शंभर माणसांची नजर असती."

"सहा वर्षं त्या नजरेतच हाय मी."

त्याला राग आला. त्याच्या धंद्याचं काय होणार हेही त्याला दिसत होतं, आणि ते तोंडानं म्हणवत नव्हतं. शेवटी म्हणाला, "जायचं तर जा. पण मशीन इथंच राहील. ती घरची हाय."

तेव्हा दारामागून द्वारकाबाई बाहेर आली. "मशीन घरची न्हाई. माझ्या हातातले चांदीचे गोठ मोडून कडूबानं ती आणली. मशीन माझी हाय, आणि मी चालले जालन्याला. ती माझ्यासंगं येईल."

रखमाजी उठून उभा राहिला. "आई, लोक काय म्हणतील? रखमाजीनं म्हातारीला घराबाहेर काढलं म्हणतील."

"मंग सांग त्यांना. म्हणावं, आई आपल्या पायानं गेली."

तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र त्यानंच गाडी जुंपली, मशीन पोत्यात गुंडाळून दोरीनं आवळली आणि दोघींना जालन्यात आणून सोडलं. गल्लीत उतरल्यावर त्यानं घराकडं, समोरच्या दुकानाकडं, अंगणातल्या कोंबड्यांकडं बघितलं आणि म्हणाला, "पंधरा दिवसांत परत याल." द्वारकाबाई पायऱ्या चढत होती. एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर. चौथ्या पायरीवर बसली, दम खाल्ला, आणि उरलेल्या तीन चढली. रखमाजी हात द्यायला पुढं झाला होता. तिनं हात घेतला नाही.

पहिला आठवडा बरा गेला. नंदाबाईनं ओसरीत मशीन मांडली, बाहेरच्या खुंटीला दोन चोळ्या टांगल्या. बाजाराच्या दिवशी खेड्यांतल्या बाया थांबल्या, शिवण बघितली, माप दिलं. सांजेला त्यांतल्या दोघींच्या चोळ्या तयार होत्या. गल्लीतल्या बायका मात्र लांबून बघायच्या.

आठव्या दिवशी दहाच्या सुमाराला ती घागर घेऊन आडावर गेली, तर श्रीपतशेट आडाच्या कठड्यापाशी उभा होता. पन्नाशीचा, स्वच्छ धोतर, हळू बोलणारा. बाजूला आणखी दोघे.

"बाई," तो म्हणाला, "या आडावर आता पाणी भरू नका."

"कामून?"

"हा आड आमच्या वडलांनी बांधला. गल्लीतल्या लोकांच्या धर्माला धक्का लागू नये एवढं मला बघावं लागतं. तुम्ही जन्नतबीच्या घरात राहता, तिच्या अंगणातून तुमची घागर जाती. बायका कुरकूर करतात."

"कोणत्या बायका?"

त्यानं ते ऐकलं न ऐकलंसं केलं. "माझं ऐका. माझ्या दुकानामागं एक खोली रिकामी हाय. तिथं या. भाडं नका देऊ वर्षभर. आड तुमचाच. विधवा बाईला आडवं यावं असं मला बिलकुल वाटत न्हाई."

ती खोली नंदाबाईनं बघितली होती. खिडकी नव्हती. तिथं भर दुपारी दिवा लावावा लागला असता. आणि तिला हेही कळलं की जन्नतबीनं सांगितलेली तऱ्हा ती हीच.

"माझी खोली बरी हाय, शेटजी," ती म्हणाली, आणि रिकामी घागर कमरेवर घेऊन परत फिरली. वीस पावलं. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं होती. तिनं मान खाली घातली नाही.

घरी जन्नतबी ओसरीच्या पायरीशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्या अंगणात तिचा स्वतःचा आड होता, लहानसा, बाभळीच्या लाकडाचा रहाट असलेला. तिनं त्या आडाकडं बघितलं, मग द्वारकाबाईकडं, आणि हळूच म्हणाली, "मैं बोलती नहीं. तुमी पिणार न्हाई, मला मालूम हाय."

द्वारकाबाई भिंतीला टेकून बसली होती.

तीन दिवस नंदाबाईनं कुंडलिका नदीवरून पाणी आणलं. चैत्राचं ऊन, नदीत जेमतेम धार, त्यात वाळूत झरा उकरून वाटीवाटीनं घागर भरायची आणि चढ चढून यायचं. दोन खेपांत दुपार व्हायची. थकलेल्या हातानं शिवण वाकडी जायची. एका खेडवळ बाईची चोळी बाजार उठेपर्यंत झाली नाही आणि ती रागानं कापड परत घेऊन गेली. नंदाबाईनं तिसऱ्या दिवशी मशीनवर डोकं टेकलं. आपण एवढं सगळं बघितलं, उजेड बघितला, धूर बघितला, आडाची रांगसुद्धा बघितली. आड कुणाचा, हे मात्र विचारलं नाही.

"आपण परत जायचं का, आत्याबाई?" तिनं विचारलं. "तुमचे हाल होऊन राह्यले."

द्वारकाबाई त्या दिवशी दुपारभर देव्हाऱ्यापुढं बसून होती. काय मागितलं, काय कबूल केलं, कुणाला कळलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी, गल्ली जागी झालेली, दुकानं उघडलेली, श्रीपतशेट समोरच्या गादीवर बसलेला, तेव्हा द्वारकाबाई आंघोळ करून बाहेर आली. सुनेला म्हणाली, "घागर घे. आन् अंगणाचं फाटक उघड. सगळं उघड."

"कशाला?"

"चोरून प्यायचं असतं तर रातीच प्याले असते."

नंदाबाईनं फाटकाची दोन्ही दारं मागं सारली. गल्लीतून अंगण सरळ दिसायला लागलं. द्वारकाबाई भिंतीला धरून अंगणात उतरली, आडापाशी गेली. जन्नतबी चुलीपुढून धावत आली. "ठैरो, आपा. हा पोहरा जुना हाय. मैं नवा आणती. हाथ नहीं लगाती मैं उसकू."

"खर्च कामून करती? हाच बराबर हाय," द्वारकाबाई म्हणाली.

तिनं दोर हातात घेतला. नंदाबाई पुढं झाली तर तिला डोळ्यांनीच थांबवलं. पोहरा खाली सोडला, बुडाला तसा ओढायला लागली. म्हाताऱ्या हातांना वेळ लागला. रहाट कुरकुरत होता. तांबटाची ठोकठाक थांबली. पानवाला दुकानाबाहेर आला. दोनचार बायका घागरी घेऊन वाटेतच उभ्या राहिल्या.

पोहरा वर आला. तिनं ओंजळ भरली, डोळे मिटून क्षणभर थांबली, आणि प्यायली. मग दुसरी ओंजळ. पदरानं तोंड पुसलं आणि फाटकातून समोरच्या गादीकडं बघून, ओरडून नाही, पण ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "पाणी गोडं हाय, शेट. तुमच्या आडाहून गोडं हाय. आता तुमचा आड तुम्हाला लखलाभ."

श्रीपतशेट वही उघडून खाली बघत राहिला. जन्नतबी आडाच्या कडेला बसून रडत होती, आणि द्वारकाबाई तिला रागावत होती, की तुझी कोंबडी माझ्या तुळशीत शिरली, आधी तिला हाकल.

बातमी बदनापूरला पोचायला दोन दिवस लागले. रखमाजी तिसऱ्या दिवशी आला. पायऱ्या चढलाच नाही, गल्लीतूनच म्हणाला, "आई, जातीतले लोक बसले होते काल. म्हणतात, पंगतीला घेणार न्हाई."

"कुणाला? मला?"

"तुला, वैनीला. आम्हाला बी म्हणून राह्यले, आईशी संबंध ठेवला तर."

द्वारकाबाई ओसरीच्या कडेला येऊन बसली. हे बोलणं तिला लागलं होतं, हे नंदाबाईला तिच्या बोटांवरून कळलं. ती पदराचा काठ चुरगाळत होती. पन्नास वर्षं तिनं त्या पंगती वाढल्या होत्या.

"तू त्यांच्यात राह्य," ती म्हणाली. "तुला पोरी उजवायच्या हायेत. म्हणावं, आईला सोडली. मी राग न्हाई धरणार. पण मी आले ती आले. मला न्यायला पुन्हा येऊ नको. भेटायला ये."

त्यानं घोड्यावरून एक गाठोडं काढलं. त्यात ज्वारी होती आणि त्याखाली न शिवलेलं कापड. ते सगळ्यांत खालच्या पायरीवर ठेवून गेला. पुढं तो दर महिन्याला यायचा. उघडपणे नाही, पण यायचा. आणि कापड शिवायच्या मजुरीचं काय, हे पहिल्यांदाच वहिनीला विचारायचा.

गल्लीतल्या बायकांनी त्या उन्हाळ्यात चोळी शिवायला दिली नाही. नंदाबाईचं त्यावाचून अडलं नाही. बाजाराच्या दिवशी खेड्यांतल्या बाया येत राहिल्या. आणि जन्नतबीनं तिच्या ओळखीच्या घरांत सांगितलं, तशा गोषातल्या बाया अंगणाच्या फाटकातून यायला लागल्या. त्यांचे कुर्ते नंदाबाईला आधी जमेनात. जन्नतबीनं एक जुना कुर्ता उसवून शिवणी दाखवल्या. पहिला बिघडला, दुसरा बरा झाला, तिसऱ्याला वाहवा मिळाली. पावसाळ्यात मोरी भरली आणि वास मारला, जन्नतबीनं सांगितलं होतं तसाच. धूळ आली, ढोल वाजले. द्वारकाबाईचे गुडघे दुखले, ती दिवसदिवस खाली उतरायची नाही. तिची चूल वेगळी, भांडी वेगळी, तेही शेवटपर्यंत सुटलं नाही. जन्नतबीशी तिचं कोंबड्यांवरून आठवड्यातून दोनदा तरी वाजायचं. पण श्रीपतशेटचा माणूस घराची बोलणी करायला पुन्हा आला, तेव्हा जन्नतबीच्या आधी द्वारकाबाईच म्हणाली, "घर विकायचं न्हाई. आम्ही राहतो इथं."

दिवाळीच्या आधी एके दिवशी श्रीपतशेटच्या घरची मोलकरीण खणाचं कापड घेऊन आली. "दुर्गाबाईंनी दिलंय. ही त्यांची जुनी चोळी, मापाला. अशीच शिवा म्हणाल्या."

दुर्गाबाई म्हणजे श्रीपतशेटची बायको. नंदाबाईनं जुनी चोळी उलटून बघितली. शिंप्यानं काखेत ओढून शिवली होती. "ही नीट बसत नसंल त्यांना," ती म्हणाली. "बाईंना म्हणावं, माप द्यायला स्वतः या. मापाशिवाय मी शिवत न्हाई."

मोलकरीण कापड घेऊन परत गेली. चार दिवस कुणी आलं नाही. जन्नतबी म्हणाली, मोठं गिऱ्हाईक घालवलंस. नंदाबाई म्हणाली, गेलं तर गेलं.

पाचव्या दिवशी दुपारी दुर्गाबाई आली. नवरा जेवून झोपलेला असणार. तिनं गल्ली ओलांडली, सात पायऱ्या चढली आणि ओसरीत अवघडून बसली. नंदाबाईनं कुठल्याही गिऱ्हाइकापुढं ठेवायची तसा पाण्याचा तांब्या तिच्यापुढं ठेवला.

दुर्गाबाईनं तांब्याकडं बघितलं. हात मांडीवरच राहिले. ती ओशाळली होती, पण हात पुढं झाला नाही.

मग भिंतीशी बसलेली द्वारकाबाई पुढं सरकली, तांब्या उचलला आणि तिच्यादेखत घटाघटा पिऊन रिकामा केला. "तुमची तहान तुमच्यापाशी," ती शांतपणे म्हणाली. "पाणी वाया कशाला घालवायचं?"

दुर्गाबाईनं मान खाली घातली. उठून जाईल असं वाटलं. ती उठली नाही.

नंदाबाईनं मापाची फीत घेतली आणि तिच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"पदर सोडा, बाई," ती म्हणाली. "आणि हात वर करा."